साडेआठची मालिका आणि डब्याचं टेबल

सांगलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मोठं होतं, थोडं कमी करून देते.

‘ताई, माझं वय ४६. पुण्यात वीस वर्षं नोकरी केली. २०२१ मध्ये अण्णा न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी सांगलीला आले ती परत गेलेच नाही. लग्न केलेलं नाही. काम घरूनच चालतं, महिन्यातून दोन दिवस पुण्याच्या ऑफिसात जाऊन येते. अण्णा ८१ वर्षांचे, आई ७६.

‘सात वाजता देवापाशी दिवा लागला की टीव्ही लागतो, तो साडेदहाला बंद होतो. आधी बातम्या, मग एकामागून एक मालिका. आवाज इतका मोठा असतो की आतल्या खोलीतही काही वाचता येत नाही. मी तिथेच बसते, कारण उठून आत गेले की आई दर पाच मिनिटांनी हाक मारते. हातात मोबाइल असतो, पण त्यावरही धड काही बघून होत नाही.

‘गेल्या महिन्यात ऑफिसात डबा खाताना सगळे एका वेबसिरीजबद्दल बोलत होते. एकीने मला विचारलं, पाहिलीस का? मी “हो” म्हणून गेले. पुढचा प्रश्न आला आणि माझं खोटं उघडं पडलं. “ताई, तुम्ही कुठल्या जगात राहता हो?” असं ती हसत म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण परतीच्या बसमध्ये मी रडले. एके काळी आमच्या घोळक्यात काय बघायचं ते मी सांगायचे. फिल्म महोत्सवाच्या रांगेत सकाळी साडेसातला उभी राहणारी मुलगी होते मी. आज मला मालिकेतल्या सुनेचं मंगळसूत्र कोणी चोरलं ते ठाऊक आहे, बाकी काही नाही. आई-अण्णांचा राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते. भाऊ टोरांटोला असतो. रविवारी फोन करतो आणि म्हणतो, “तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.” मी काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.’

मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली. ‘आत गेले की आई दर पाच मिनिटांनी हाक मारते.’ ती कशासाठी हाक मारते ते तू लिहिलेलं नाहीस. आज संध्याकाळी नीट ऐक. पाणी हवं म्हणून? रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं म्हणून? की ‘अगं, काय म्हणाला तो?’ म्हणून?

हे विचारते, कारण नेमक्या याच जागी मी चुकले होते. माझे वडील शेवटची चार वर्षं आमच्याकडे डोंबिवलीला होते. रोज रात्री आठला मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचे. दर दोन वाक्यांनी ते विचारायचे, ‘काय म्हणाली ती?’ मी सांगायचे. पुन्हा विचारायचे, पुन्हा सांगायचे. दीड वर्ष मी धरून चालले होते की त्यांना आता गोष्ट झेपत नाही, लक्षात राहत नाही. चिडायचेसुद्धा. मग एकदा कान दुखतो म्हणून त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची यंत्रावरची तपासणी, करायला लावली. त्या कागदावरची रेघ डावीकडे, खालच्या पट्टीतल्या आवाजांपाशी, बरी होती आणि उजवीकडे, उंच पट्टीपाशी, जिना उतरावा तशी खाली गेली होती. माझ्या वडिलांना गोष्ट झेपत होती. त्यांना फक्त शब्द ऐकू येत नव्हते.

वयाने कान जातात तेव्हा उंच पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस, ते येत राहतात. स, श, फ, त, थ ही हलकी व्यंजनं गळून पडतात. त्यामुळे कोणी बोलतंय हे समजतं, पण काय बोलतंय ते समजत नाही. ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘ताट’ जवळजवळ एकच होऊन जातात. मग माणूस आवाज वाढवतो, आणि आवाजाबरोबर मागचं ढॅण-ढॅण संगीतही तेवढंच वाढतं. शब्द होते तिथेच बुडालेले राहतात. त्यात हल्लीचे टीव्ही चपटे. त्यांचे स्पीकर बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात, आवाज भिंतीवर आपटून खोलीत येतो. तुमच्याकडे आवाज आतल्या खोलीपर्यंत येतो असं तू लिहिलंस, तेव्हा माझा पहिला संशय अण्णांच्या कानांवर गेला.

तेव्हा सगळ्यात आधी कानांची तपासणी. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करण्याची सोय बऱ्याच टीव्हींना असते, ती शोध. एक लहानसा स्पीकर घेऊन तो अण्णांच्या खुर्चीजवळ ठेव, टीव्हीजवळ नको. श्रवणयंत्र लागलं तर पहिले काही आठवडे ते नको-नको म्हणतील, कारण भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, सगळंच अंगावर येतं. तेवढे दिवस धीर धर. याला मी टीव्हीपुरती गोष्ट समजत नाही. ज्या कारणांवर इलाज करता येतो आणि त्यामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो, अशा कारणांच्या यादीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने बहिरेपण ठळकपणे धरलं आहे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलायचं सोडतो, आणि घरातल्यांना वाटतं तो शांत झाला.

आता मालिकांकडे येते. तू त्यांचा उल्लेख जरा तुच्छतेने केलास. तुझा वैताग मला कळतो, पण ही माणसं तेच ते का बघतात हे समजून घेतलंस तर तुझा निम्मा राग उतरेल असं वाटतं.

रोजची मालिका ऐकायला लिहिलेली असते. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला पडद्याकडे न बघता गोष्ट कळली पाहिजे, या बेताने. म्हणून पात्रं एकमेकांना नावाने हाक मारत राहतात, काल काय झालं ते आज कोणीतरी बोलून दाखवतं, आणि एक धक्का बसला की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा जवळून दिसतो. तुला मला हे लांबण वाटतं. ज्याचे निम्मे शब्द हुकतात त्याला हाच आधार असतो. संगीत सांगतं आता घाबरायचं, चेहरा सांगतो आता रडायचं. मधे चार दिवस दवाखान्यात गेले तरी पाचव्या दिवशी गोष्ट सापडते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. इतकी वर्षं रोज ठरल्या वेळी घरात येणारी माणसं नात्यातही फार थोडी असतात.

उलट तुझ्या ऑफिसातल्या मुली बघतात ती वेबसिरीज अण्णांच्या नजरेने बघ. अंधारी चित्रं, पुटपुटलेले संवाद, दहा पात्रं पहिल्या पंधरा मिनिटांत, आणि मागचा धागा सोडला की पुढचं काही लागत नाही. ती त्यांच्या कानांना आणि डोळ्यांना परवडत नाही. यात आवडीचा भाग बराच नंतर येतो. म्हणून ‘तुम्ही काहीतरी चांगलं बघत का नाही’ हे वाक्य कधी तोंडावर आलं असेल, तर ते गिळून टाक.

आणि एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. लोकप्रिय काय आहे याच्याशी तुझा संबंध तुटला, असं तू लिहितेस. अगं, महाराष्ट्रात रात्री साडेआठला घराघरात जे चालू असतं, त्याच्या बरोब्बर मधोमध तू बसलेली आहेस. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली ती २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. मूळ बंगाली मालिका, आपल्याकडे मराठीत आली. संसारात आयुष्य घातलेली बाई नवरा दुसरीकडे गुंतल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहते, एवढीच तिची गोष्ट. पण त्या काळात मी ज्या ज्या घरी गेले, तिथे त्या अरुंधतीवरून सासवा-सुनांचे वाद ऐकले. तिने घर सोडायला हवं होतं की नको, पुन्हा लग्न करावं का, मुलांनी आईला असं बोलावं का. पन्नाशीच्या बायका स्वतःच्या घरात जे बोलू शकत नव्हत्या, ते तिच्या निमित्ताने बोलत होत्या. त्या मालिकेत खटकणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या, नाही म्हणत नाही. पण समाज स्वतःशी काय बोलतो हे जिथे दिसतं, ती जागा डब्याच्या टेबलाइतकीच तुझ्या दिवाणखान्यातही आहे.

त्या टेबलाबद्दलही बोलू.

‘सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही’ ही भावना फार खरी वाटते, म्हणून फार दुखते. पण ‘सगळ्यांना’ हा शब्द एका वेगळ्या काळातून आपल्याबरोबर आला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता. गुरुवारी छायागीत, एरवी गजरा, संध्याकाळी आमची माती आमची माणसं. शेती कोणाकडेच नव्हती, तरी तेही आम्ही बघायचो, कारण दुसरं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी शाळेत, लोकलमध्ये, भाजीवाल्यापाशी एकच विषय. तू आठ वर्षांची असशील तेव्हा, २५ जानेवारी १९८७ पासून, रविवारी सकाळी रामायण लागायचं आणि रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. ‘काल पाहिलंस?’ हा प्रश्न तेव्हा विचारायचीही गरज नसायची.

ते दिवस एक वाहिनी होती म्हणून होते. मग १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, पुढच्या वर्षी ई-टीव्ही, नंतर आणखी कितीतरी, आणि तरीही टीव्ही घरात एकच असल्यामुळे सगळे निदान एकत्र भांडत होते. २०१६ मध्ये जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला, आणि हातातला प्रत्येक फोन म्हणजे एकेकाची वाहिनी झाली. तू पुण्यात होतीस तोवर या बदलाच्या पुढच्या फळीत होतीस, म्हणून तो तुला जाणवला नाही. आता तुझ्या टेबलावर सहा जणी बसत असतील तर त्यातल्या दोघींनी ती वेबसिरीज खरंच पूर्ण पाहिली असेल. एकीने दोन भागांवर सोडली असेल. एकीने नुसती रील्स पाहिली असतील. मान डोलावणारी तू एकटीच होतीस, असं का धरून चालतेस?

म्हणून बघायच्या राहिलेल्यांची यादी करू नकोस. ती यादी मी एकदा केली होती, वडील गेल्यानंतर. चार वर्षांत काय काय हुकलं ते वहीत लिहून काढलं आणि एकेक बघायला बसले. तीन महिन्यांत लक्षात आलं की ज्यांच्याशी त्याबद्दल बोलायचं, ते केव्हाच पुढच्या गोष्टीवर गेले आहेत. मी एकटीच शिळ्या पंगतीला बसले होते. वही बंद केली.

तुझं खरं काय हरवलंय, याचा विचार करताना मला सारखी ती रांग आठवते. फिल्म महोत्सवाची, सकाळी साडेसातची. त्या रांगेत तुझ्या मागेपुढे कोण असायचं? कोणीतरी चहा आणायचं, कोणीतरी जागा धरायचं, आणि सिनेमा संपल्यावर तासभर पायऱ्यांवर उभं राहून भांडण व्हायचं, हो ना? त्यातल्या किती जणींशी तू गेल्या सहा महिन्यांत बोललीस? सिनेमे आजही एका बोटावर मिळतात, सांगलीतसुद्धा. त्या पायऱ्या मिळत नाहीत. मला वाटतं तू बसमध्ये रडलीस ती त्यांच्यासाठी.

त्यातल्या एकीला आज फोन कर. मेसेज नको, फोन. तिला म्हण, दर रविवारी दुपारी दोन ते चार मी मोकळी असते (आई-अण्णा त्या वेळी आडवे होतात ना?), आपण दोघी एकच सिनेमा आपापल्या घरी बघू आणि चार वाजता बोलू. महिन्याला चारच होतील. पण ते बोलून पचवलेले चार असतील. ती नाही म्हणाली तर दुसरीला विचार. आपल्याला विसरले असतील या धास्तीने आपण फोन करत नाही, आणि तिकडेही तीच धास्ती असते.

आता रात्रीचं. तू साडेतीन तास तिथे बसतेस आणि खरं म्हणजे एक मिनिटही बसत नाहीस. एक डोळा पडद्यावर, एक मोबाइलवर. आईला ते कळतं. म्हणून तर ती हाक मारते असंही असेल, तू शेजारी असलीस तरी. हे साडेतीन तास तोड. आईला विचार, तुझी सगळ्यात आवडती कोणती? जी म्हणेल ती एकच मालिका तिच्याबरोबर बघ, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. अर्ध्या तासातले जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं. जाहिरात लागली की आवाज बंद कर आणि तिला विचार, तुला काय वाटतं, ही सांगेल का नवऱ्याला? तिच्यासाठी हे डब्याचं टेबल आहे. दुपारी मावशीशी फोनवर ती याच गप्पा मारते, तू ऐकल्या असशील.

मालिका संपली की उठायचं. तुझ्या खोलीत जायचं, दार लोटून घ्यायचं, कडी नको. पण हे अचानक करू नकोस, आणि टीव्ही चालू असताना सांगूही नकोस. सकाळच्या चहाला सांग. ‘आई, साडेआठची आपली दोघींची. नऊनंतर मी माझ्या खोलीत, काही लागलं तर हाक मार.’ एवढंच. कारणं देत बसू नकोस, कारणं दिली की माफी मागितल्यासारखं होतं. पहिले आठ-दहा दिवस ती हाका मारेल. जा, उत्तर दे, परत ये. दोन्हीकडून सवय लागायला तेवढे दिवस लागतात. आवाजाचं काम आधी झालेलं असेल तर निम्म्या हाका आपोआप कमी होतील, म्हणून तर मी कानांपासून सुरुवात केली.

तुझ्या रागाबद्दल एवढंच सांगते. चार वर्षं ज्या बाईला स्वतःची एक संध्याकाळ मिळालेली नाही, तिला राग येणार. त्याचा अर्थ तुझं त्यांच्यावर प्रेम कमी आहे असा मी घेत नाही, तूही घेऊ नकोस. मात्र तो राग चुकीच्या पत्त्यावर जातोय. त्याचा थोडा वाटा टोरांटोला पाठवायला हवा.

‘तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे’ हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि त्याच्याइतकं वजन दुसऱ्या कशाचं नसतं. भावाशी भांडू नकोस. त्याला काम दे. आपल्याकडे शनिवारी रात्री साडेआठ वाजतात तेव्हा त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतात. सुट्टीचा दिवस. आईची मालिका त्यालाही ॲपवर बघता येते. दर शनिवारी त्याने व्हिडिओ कॉल लावून आई-अण्णांबरोबर तासभर बसायचं. तब्येतीची चौकशी नको, गोळ्या घेतल्या का नको, नुसतं एकत्र बघायचं आणि बोलायचं. सुरुवातीला फोन उभा कसा ठेवायचा इथपासून गोंधळ होईल. शेजारच्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला त्या वेळी घरात बसवून ठेव, म्हणजे तुलाही घोर नाही. आणि त्या तासाला तू घराबाहेर पड. घरात थांबलीस तर काम करत राहशील.

बाहेर म्हणजे कुठे, असं सांगलीच्या मुलीने विचारू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पहिलं मराठी नाटक केलं ते तुझ्या गावात. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्यातूनच आला. त्यांच्या नावाचं नाट्यगृह तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर असेल. नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. पलीकडे मिरजेला तंबोरे बनतात, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी दर्ग्यात गवय्ये हजेरी लावतात. पुण्याला जे होतं ते सगळं मागे राहिलं, अशा नजरेने तू चार वर्षं सांगलीकडे बघितलंस, असं तुझ्या पत्रातून मला जाणवलं. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग लागतात तेव्हा तिकीट अगदी कमी असतं आणि रंगमंचावर तुझ्याच गावातले बँकेतले, शाळेतले लोक असतात. काही प्रयोग फसतात. एखादा असा जमतो की रात्री झोप येत नाही. तिथे रांगही असते आणि पायऱ्याही.

आईलाही एकदा विचार, ती तुझ्या वयाची असताना, त्याहूनही आधी, काय बघायची, काय ऐकायची. तिच्या लहानपणी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. कोणतं गाणं कितव्या पायरीवर गेलं यावर मैत्रिणींत पैजा लागत. नाटक कुणाबरोबर पाहिलं, घरून परवानगी कशी काढली, हे विचार. माणसाला साधारण दहा ते तीस वयातल्या आठवणी सगळ्यात लख्ख राहतात, असं स्मृतीचे अभ्यासक सांगतात, आणि मला ते घरीच दिसलं. वडील एका मालिकेत सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाकडे बघत होते. एकदम म्हणाले, ‘याला मी शिवाजी मंदिरला पाहिलाय. पहिल्या अंकानंतर दिवे गेले, तर हा कंदील घेऊन आला आणि पुढचा अंक तसाच केला.’ त्या नाटकाचं नाव, बरोबर कोण होतं, नंतर कुठे भजी खाल्ली, सगळं सांगितलं. अर्धा तास मालिका चालू होती आणि आम्ही दोघांनी ती पाहिली नाही. माझ्या वडिलांना नाटकाचं वेड होतं हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. लग्नानंतर त्यांनी ते सोडलं, पैसे नव्हते म्हणून. तेही कधी तरी कोणत्या टेबलावर गप्प बसले असतील, सगळे नव्या नाटकाबद्दल बोलत असताना. हे मला त्यांना विचारायचं राहून गेलं.

पुढच्या वेळी ऑफिसात तो प्रश्न आला तर ‘नाही पाहिली’ म्हण. आणि लगेच, ‘तुला काय आवडलं त्यात?’ बघितलेल्या गोष्टीबद्दल बोलायला मिळणं हे माणसाला फार आवडतं, ऐकणारं कोणी नसतं हीच तर अडचण असते. त्या मुलीला आणखी एक विचार, तुझी आई घरी काय बघते? ती मुलगी बार्शीची असेल, कराडची असेल, चिपळूणची असेल. तिचीही आई साडेआठला टीव्हीसमोर बसत असणार, बहुधा एकटी. मंगळसूत्राचं पुढे काय झालं हे तिला घरी फोन करून सांगता आलं, तर तुझ्याकडून तिला काहीतरी मिळालेलं असेल.

अण्णांच्या कानांचं काय निघालं ते मला कळव. आणि तपासणीला जाशील तेव्हा आईलाही बरोबर ने. ती ‘माझं काही नाही, मला नीट ऐकू येतं’ म्हणेल. माझे वडीलही दीड वर्ष तेच म्हणत होते.